घरामागच्या ऑफिसात नेट आणून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला आलं की तुम्ही "असू दे गं" म्हणता आणि चहाचा विषय काढता. पैशांचं तर नावही काढू दिलं नाहीत. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. पुढे बंगला आणि मागे सुटी इमारत अशी घरं आपल्या इंदूरच्या राजेंद्रनगरात आणखीही आहेत, त्यांच्याही कामी येईल.

माझं जीएसटीचं काम मागच्या इमारतीतून चालतं; नेट मात्र पुढच्या घरातून, वायफाय पुढे ढकलणाऱ्या रिपीटरवरून यायचं. थ्रीबीची, म्हणजे महिन्याच्या विवरणपत्राची, २० तारीख आली की पोर्टल आधीच रडवतं, त्यात ओटीपी टाकेपर्यंत आमचं नेट गेलेलं असायचं. हाताखालच्या मुली फोन घेऊन अंगणात आंब्याखाली जाऊन उभ्या राहायच्या. आणि रिपीटर मात्र रेंज फुल दाखवायचा! हे कोडं तुम्ही एका वाक्यात सोडवलंत: "ती रेंज तुझ्या फोनपासून रिपीटरपर्यंतची आहे; रिपीटरला घरातून काय मिळतंय ते ती सांगत नाही." मधे जाड भिंती आणि पत्र्याची शेड. शिवाय घेणं आणि पुढे देणं दोन्ही एकाच रेडिओवर, म्हणजे उरलेला वेगही निम्म्यावर.

तुमचं पाहणं मला फार आवडलं. गच्चीवर चढून तुम्ही आंबा बघितलात आणि छतावरून बिनतारी नेट पाठवणाऱ्या डिशांचा विचार तिथेच सोडलात. त्यांना एकमेकींची तोंडं स्वच्छ दिसावी लागतात, आणि पावसात भिजलेली पानं सिग्नल पिऊन टाकतात. मग विचारलंत, "मागचा मीटर वेगळा आहे का?" आहे, आणि अर्थिंगही वेगळं. मला वाटत होतं, अंतर १०० मीटरच्या आत आहे, तर साधी कॅट-सिक्स, म्हणजे तांब्याची नेटवर्क केबल, टाकली की झालं. अंतराला ती पुरली असती. पण जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तांब्याच्या तारेतून तो झटका थेट राउटरच्या पोर्टात शिरतो. म्हणून फायबर ठरलं. फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड जातो, करंट नाही.

महाराणी रोडवरच्या दुकानात तुम्ही खिशातून लोहचुंबक काढलंत, तो क्षण मी विसरणार नाही. केबलचं टोक सोलून त्याला चुंबक लावलंत. पहिल्या केबलमधली पोलादी तार टपकन चिकटली. "हीच नको. काच घ्यायची आणि सोबत लोखंड पुरायचं, मग उपयोग काय?" दुसरीला चुंबक चिकटलं नाही, ती घेतली. उंदरांपासून राखण करायला जाड एचडीपीई (चिवट प्लास्टिकचा) पाइप.

खणतानाही तुमचं लक्ष मातीवर होतं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून पाइप ताणून न टाकता जरा सैल टाकायला लावलात. काटकोनाचे एल्बो नाहीत, वळण मोठं आणि सावकाश. आत एक जादा नायलॉनची दोरी ओवून ठेवलीत, पुढे काही ओढायचं झालं तर पुन्हा खणायला नको.

स्प्लायसिंगवाल्या, म्हणजे फायबरची टोकं जोडणाऱ्या, भैयाने मशीन उघडलं तेव्हा तुम्ही आम्हा सगळ्यांना पडद्याजवळ बोलावलंत. काचेची दोन टोकं समोरासमोर सरकली, ठिणगी पडली आणि मधली रेघच नाहीशी झाली. उजेड जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, हे तेव्हा कळलं. माझा भाचा टोकाला डोळा लावून बघायला गेला, तर तुम्ही त्याला मागे ओढलंत. चालू फायबरमधला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. तुम्ही रागावला नाहीत, नीट समजावलंत. आता तोच सगळ्यांना सांगत असतो.

दोन्ही टोकांना उजेडाचा सिग्नल तारेत आणि तारेतला उजेडात बदलणारे कन्व्हर्टर बसले. मागे आमचाच जुना राउटर लावलात, त्याचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणं, बंद करून आणि वायर लॅन पोर्टात घालून. पत्ते वाटणारा घरात एकच असावा, म्हणजे मागच्या कॉम्प्युटरवरून पुढच्या खोलीतला प्रिंटर सापडतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच, चॅनल तेवढा वेगळा.

आषाढातल्या रात्री वीज चांगलीच कडाडली. सकाळी मी धावत जाऊन आधी कन्व्हर्टर बघितला. दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. त्या महिन्याची विवरणपत्रं मुलींनी जागेवर बसून भरली.

टेलिफोन खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर शेजारणीसाठी उन्हात उभं राहून चर खणवून घेतला, आणि मला प्रत्येक गोष्टीमागचं कारण सांगितलं. काका, याचे आभार कसे मानू? पाइप कुठून गेलाय त्याचा तुम्ही काढलेला नकाशा लॅमिनेट करून मीटरपाशी लावला आहे.

या २० तारखेनंतरच्या रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. पुरणपोळी करते आहे. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
मागच्या ऑफिसातली शेजारीण