आधी समोरून यायची, आता मागून येते

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात मालगाड्यांच्या वाढत्या उत्पन्नाची बातमी वाचली. इंजिनाला झेंडूचा हार घातलेला फोटोही झकास आलाय. अभिनंदन! आता त्याच रुळावरून जाणाऱ्या आम्हा बिनहाराच्या मालाबद्दलही चार ओळी छापाव्यात, ही विनंती.

गेल्या महिन्यात आईचा मोतीबिंदू दाखवायला ताकारीहून पॅसेंजरने मिरजेला निघालो. भिलवडीला गाडी लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेतली. ‘मागून एक्स्प्रेस आहे,’ असं कळलं. ठीक आहे, तिचा मान मोठा. एक्स्प्रेस गेली, तरी आमचा सिग्नल लालच. मग तिच्या मागोमाग टाक्यांची मालगाडी सोडली. बसून करायचं काय, म्हणून टाक्या मोजल्या. ४२ भरल्या. आईला धड दिसत नाही. खडखडाट ऐकूनच तिनं विचारलं, ‘आजून संपंना व्हय रं?’ मिरजेत पोचलो तेव्हा आमचा नंबर पुकारून झाला होता. पुढची तारीख ११ दिवसांनी मिळाली. त्या खेपेला एसटीने गेलो. आईला एसटी लागते. पिशवी हातात धरूनच बसली होती.

एकेरी मार्ग होता तेव्हा सांगायचे, समोरून गाडी येतेय, क्रॉसिंग आहे, एकदा दुहेरीकरण होऊ द्या, मग बघा. आता शेजारी दुसरा रूळ पडला, डोक्यावर विजेच्या तारा आल्या, आणि गाडी मागून यायला लागली! सप्टेंबर २०२४ पासून पुणे–कोल्हापूर वंदे भारतही धावते. ती आमच्या ताकारीला थांबावी असं कुणी म्हणत नाही. पण तारा काय फक्त तिच्यासाठी आणि टाक्यांसाठी ओढल्यात?

मालगाडीशी आमचं वैर नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी सुटली, पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. कृष्णेचं पाणी तहानलेल्या गावाला चाललंय म्हटल्यावर आम्ही तासभर थांबलो असतो, आणि वर हातही जोडले असते. रोजच्या टाक्यांना मात्र हात जोडवत नाहीत.

मागणी साधी आहे. सकाळी कऱ्हाडहून मिरजेला आणि संध्याकाळी परत, अशी एक मेमू, म्हणजे विजेवर धावणारी जवळच्या पल्ल्याची पॅसेंजर द्या. डबे कमी असले तरी चालतील. शेणोली, भवानीनगर, ताकारी, भिलवडी, नांद्रे इथली कॉलेजची पोरं, दवाखान्याचे पेशंट, कारखान्याचे कामगार, सगळे त्यात मावतील. आणि ती लूपला घालू नका, एवढंच.

जाता जाता एक. आपल्या अंकात पूर्वी आतल्या पानावर गाड्यांचं वेळापत्रक यायचं. आता त्या जागी राशिभविष्य लांबलचक झालंय. परवा माझ्या राशीला ‘प्रवासाचे योग’ होते. गाडी कितीला, ते मात्र लिहिलं नव्हतं.

आपला,
एक पासधारक, ताकारी (जि. सांगली)