नेत्रतपासणी केंद्राच्या ओसीटी यंत्रासाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

१ जूनला यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतील, त्याआधी आपल्या केंद्रात ओसीटी यंत्र (डोळ्याच्या आतल्या पडद्याचे थर दाखवणारे) बसायला हवे, म्हणून हे आवाहन घाईत काढत आहोत. मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत. तांडेल, खलाशी घरी सापडतात ते एवढेच दोन महिने. बागायतदारही तोवर आंब्यातून मोकळे झालेले असतात. एरवी बोलावूनसुद्धा कोणी डोळे दाखवायला येत नाही, हा अनुभव आहे.

देवगडातले हे केंद्र कसे उभे राहिले ते जुन्यांना ठाऊक आहे, पण नव्या मंडळींसाठी सांगायलाच हवे. पहिले शिबीर शाळेच्या बाकांवर झाले. अक्षरांचा तक्ता आपल्या चित्रकलेच्या गुरुजींनी रात्री जागून रंगवला, तो अजून भिंतीवर आहे. (डॉक्टरांनी नवा छापील आणला तेव्हा गुरुजी दोन दिवस बोलले नाहीत.) जागा बाजारपेठेतल्या कापडवाल्या काकांनी दिली, भाडे आजतागायत घेतलेले नाही आणि नाव लावू देत नाहीत. स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून तपासायचे यंत्र, मुंबई मंडळाच्या चाकरमान्यांचा. त्यांतले बरेचसे गिरणीतून निवृत्त झालेले होते. फंडाच्या पैशांतून वर्गणी काढून त्यांनी तो पाठवला आणि त्यातले काहीजण आज आपल्यात नाहीत. शिबिराच्या दिवशी पेज आणि लोणचे बचत गटाच्या वहिनींचे, वाड्यावाड्यांतून म्हाताऱ्यांना आणणे रिक्षावाल्यांचे. आणि दर रविवारी घाट उतरून येणारे आपले डॉक्टर पेट्रोलचेही पैसे घेत नाहीत. आंब्याची पेटी गाडीत ठेवली तर अर्धी परत काढून ठेवतात. या सगळ्यांमुळे गावातल्या किती आज्या मोतीबिंदूनंतर पुन्हा सुईत दोरा ओवू लागल्या, ते घरोघर माहीत आहे.

आता अडले आहे ते मोतीबिंदूच्या पलीकडच्या आजारावर. डोळ्याच्या पडद्यातून रक्त परत नेणारी शीर तुंबते. पाटाचे तोंड बुजले की पाणी वाफ्यातच साचते, तसे रक्त आणि पाणी पडद्यात झिरपते आणि मधोमध सूज येते. मुख्य शीर तुंबली तर सगळेच धूसर, फांदी तुंबली तर वरचा किंवा खालचा भाग पुसल्यासारखा. दुखत नाही, डोळा लालही होत नाही. सकाळी उठल्यावर एका डोळ्याने कमी दिसते, एवढेच. बहुतेकांना मागे रक्तदाब असतो, काहींना साखर, काहींना काचबिंदू. पडद्याच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांत मधुमेहाच्या खालोखाल हाच येतो. आणि आपल्याकडे उत्तर ठरलेले: "मोतीबिंदू असतलो, पिकांदे, मगे बघू."

हे "मगे" महाग पडते. मुख्य शीर तुंबलेल्यांवर, सूज उतरवायला डोळ्यात देतात त्या इंजेक्शनची एक मोठी चाचणी झाली, तिचे वर्षभराचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. पहिल्यापासून इंजेक्शन मिळालेल्यांना तक्त्यावरची सरासरी १४ च्या आसपास अक्षरे परत मिळाली. ज्यांना सहा महिने उशिरा सुरू झाले त्यांना साधारण ७. औषध तेच, वर्षही तेच.

पेशंटचा आणि घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, दिसेल ना परत?" याचे उत्तर अंदाजाने का होईना, देता येते. सर्वांत मोठी खूण म्हणजे पहिल्या दिवशी तक्त्यावर किती वाचता आले. इंजेक्शने येण्याआधी अमेरिकेत ७०० हून अधिक डोळ्यांवर लक्ष ठेवून १९९७ मध्ये हे मांडले गेले. सुरुवातीला ६/१२ (निरोगी डोळा १२ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून वाचणे) किंवा त्याहून चांगले दिसणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांची नजर तशीच टिकली, ६/६० हूनही कमी असलेल्यांपैकी ८० टक्के तिथेच राहिले. म्हणजे गुरुजींचा तक्ताही काही कमी नाही! त्याच अभ्यासात, रक्तपुरवठा बरा दिसणाऱ्या डोळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तीन वर्षांत बिघडले. त्यामुळे एकदा बघून सोडून चालत नाही. रक्तपुरवठा फार तुटलेला असेल तर पुढे बुबुळावर नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात आणि असा काचबिंदू चढतो की दुखून माणूस रडतो.

तक्ता आणि बॅटरीचा उजेड जिथे थांबतात तिथे ओसीटी लागते. सुई नाही, रंग टोचणे नाही, काही मिनिटांत डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद यंत्राच्या स्क्रीनवर दिसतो. सूज किती ते कळतेच, पण नुसत्या सुजेच्या जाडीवरून नजरेचे भाकीत होत नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेघ अखंड आहे की तुटली, आतले थर ओळखू येतात की विस्कटले, हे डॉक्टरांना बघायचे असते. रेघ शाबूत असेल तर आशा ठेवून भरभर हालचाल करायची. तुटली असेल तर निदान खोटी आशा न लावता खर्चाचा विचार करता येतो. इंजेक्शन आपल्याकडे देणार नाही, त्याला कोल्हापूर किंवा गोवा आहेच. पण सूज उतरली का एवढे बघायला दर महिन्याला सत्तरीच्या माणसाने घाट चढायचा, ते वाचेल.

गेल्या वर्षी याच यंत्रासाठी पत्रक काढले होते. घरोघर पोहोचले, आम्हीच वाटले. त्याच पंधरवड्यात क्रिकेट सामन्यांच्या बक्षिसांना दोन संध्याकाळींत पैसे उभे राहिले, आमच्या डब्यात मात्र बचत गटाच्या वहिनींचेच पैसे निघाले. सामने व्हावेतच, आम्हीही बघायला होतो. पण वाईट वाटले ते वाटले. कार्यकारिणीत "बंद करूया का" इथपर्यंत विषय गेला होता.

तरीही निम्म्याहून जास्त रक्कम जमली आहे, कमी पडतात ते ४,५०,००० रुपये. देणगी ५०० पासून पुढे कितीही. २,००० वरची रोख नको, तिला आयकरातली ८०-जीची सूट मिळत नाही, चेक किंवा बँकेतून द्यावी. खाते क्रमांक पावती पुस्तकाच्या मागे व केंद्राच्या फलकावर, तिथेच कोटेशनही लावले आहे. बागायतदारांनी एकेक पेटी दिली तरी चालेल, लिलाव २० मेला केंद्रात. इन्व्हर्टर व वातानुकूलक वस्तुरूपाने चालेल, आधी विचारावे. मुंबईकरांनी मुंबई मंडळाकडे द्यावे, पावती इथून जाईल. एका डोळ्याने अचानक कमी दिसत असेल त्यांनी यंत्राची वाट न बघता याच रविवारी यावे, रक्तदाबाची कागदपत्रे व चालू गोळ्या सोबत आणाव्यात. केंद्र ९ ते १, दुपारी बंद.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीकरिता)