चाळीस वर्षांच्या डचांबद्दल, बाबांसाठी

ऑल्बनी, न्यूयॉर्क राज्य

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "डच तिथे न्यूयॉर्कात जेमतेम चाळीस वर्षं होते, मग त्यांचं राहिलं काय नि तू शोधतेस काय?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले, तेवढ्यात आईने तुम्हाला दूध बघायला पिटाळलं आणि विषय राहिला. म्हणून हे पत्र.

आधी आपल्या वेंगुर्ल्याचं. तिथली पडकी वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, तिच्याच पगारावर हेन्री हडसन 1609 मध्ये इथल्या नदीत शिरला. शोधत होता आशियाची वाट, म्हणजे आपल्याच बाजूची! वाट नाही मिळाली, पण बीव्हर नावाच्या केसाळ पाणप्राण्याची कातडी मिळाली, आणि त्या धंद्यासाठी पुढे 1621 मध्ये निघालेल्या डच वेस्ट इंडिया कंपनीने वसाहत केली. 1624 मध्ये इथे ऑल्बनीला फोर्ट ऑरेंज, मग मॅनहॅटनच्या टोकाला न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचं न्यूयॉर्क शहर. 1664 मध्ये इंग्रजांची जहाजं बंदरात आली आणि गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटने लढाई न करता गाव सोडून दिलं. तुमची चाळीस वर्षं ती हीच.

पण शरणागतीची कलमं वाचली की कळतं, डच कुठे गेलेच नाहीत. घरं, जमिनी, धर्म, वारसाहक्काच्या रीती सगळं त्यांच्याकडेच राहिलं. बदललं ते वरचं निशाण. इथून जवळच्या किंडरहूक गावात 1782 साली जन्मलेला मार्टिन व्हॅन ब्यूरन घरात डच बोलतच वाढला, आणि 1837 मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आई, तुला आवडेल अशी गोष्ट मृत्युपत्रांत आहे. नवरा-बायको दोघं नोटरीपुढे बसून एकच मृत्युपत्र करत. मागे राहील त्याच्या हाती संसार, आणि पुढे मुलींनाही मुलांच्या बरोबरीने वाटा. बाया लग्नानंतरही बापाचंच नाव लावून व्यापार करत, कोर्टात उभ्या राहत. इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईचं सगळं नवऱ्याचं. इंग्रजी अमलात ही रीत हळूहळू मागे पडली, पण लगेच नाही.

हे सगळं ज्या कागदांत आहे ती सुमारे बारा हजार पानं इथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. 1911 मध्ये ती राज्य ग्रंथालयात होती, विधिमंडळाच्या इमारतीत, आणि तिथे आग लागली. डच दप्तर खालच्या फळ्यांवर होतं, वरचं इंग्रजी दप्तर त्याच्यावर कोसळलं आणि स्वतः जळून ह्याला वाचवून गेलं. पानांच्या कडा तपकिरी होऊन झडल्या आहेत, ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं अंदाजाने लावावी लागतात. चार्ल्स गेरिंग नावाचे विद्वान 1974 पासून ह्यांचं इंग्रजी भाषांतर करत आले. त्यांच्या खांद्यावर बसूनच माझं काम चाललंय.

इथली माणसं मोठ्या अभिमानाने सांगतात की न्यूयॉर्कची सर्वधर्मसहिष्णुता डचांची देणगी. मला ते अर्धंच पटतं. 1654 मध्ये ज्यू निर्वासित आले, तेव्हा स्टायव्हेसंटला त्यांना हाकलायचं होतं. कंपनीच्या संचालकांनी त्याला आवरलं, आणि कारणांत स्पष्ट लिहिलं की कंपनीच्या भांडवलात ज्यूंचा बराच पैसा आहे. म्हणजे उदारपणा आला तो बराचसा जमाखर्चाच्या वहीतून.

आणि वहीतून दुसरंही आलं. 25 फेब्रुवारी 1644 चा एक कागद आहे. कंपनीचे अकरा गुलाम, त्यांत पाउलो अंगोला, सिमोन काँगो, मोठा मॅन्युएल, छोटा मॅन्युएल, अठरा-एकोणीस वर्षं राबून सुटका मागतात. कंपनी सोडते, बायकांसकट, पोटापुरती जमीनही देते. पण दरवर्षी प्रत्येकाने तीस मापं धान्य आणि एक पोसलेलं डुक्कर आणून द्यायचं, चुकल्यास पुन्हा गुलाम. आणि खाली एक कलम: झालेली आणि पुढे होणारी मुलं कंपनीचीच राहतील. आई, हे "पुढे होणारी" लिहिताना कारकुनाचा हात कुठे अडखळलाय का म्हणून मी उगाच बघत बसले. अक्षर अगदी सरळ आहे.

ह्या डच घरांतली गुलामगिरी कंपनी बुडाली तरी टिकली. काळ्यांच्या आणि बायकांच्या हक्कांसाठी पुढे देशभर व्याख्यानं देणारी सोजर्नर ट्रूथ इथल्याच अल्स्टर काउंटीत डच कुटुंबाची गुलाम म्हणून जन्मली. नऊ-दहा वर्षांची असताना तिला इंग्रजी बोलणाऱ्या मालकाला विकलं, मेंढरांच्या कळपाबरोबर. तिला फक्त डच येत होतं. हुकूम कळला नाही की मार. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी संपली ती थेट 1827 मध्ये. तेव्हा बाबा, राहिलं काय ह्याचं माझं उत्तर: मृत्युपत्रातला मुलीचा वाटाही राहिला आणि ते खालचं कलमही. प्रदर्शनांत पहिलं लावतात, मला दोन्ही प्रबंधाच्या एकाच प्रकरणात लिहायचंय. माझ्या मार्गदर्शकांना हे फार पसरट वाटतं. बघू.

बाकी ठीक. थंडी सुरू झालीय. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज कर, बाबांना मोजायला बसव. डिसेंबरचं तिकीट काढलंय. आल्यावर बाबा, आपण दोघं वखारीत जाऊ, झाडी तोडायला कोयता घ्या. आणि कोणाबरोबर कोकमाचं आगळ पाठवू नका, बाटली बॅगेत फुटते. मी येऊनच पिईन.

तुमची लेक