पाडण्यापूर्वी मोजून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान प्रमाणातील रेल्वे आणि तिच्या भोवतीचा परिसर घरच्या घरी उभा करण्याचा छंद मी गेली बावीस वर्षे जोपासत आलो आहे. या छंदातूनच सुचलेली एक मागणी आपल्या दैनिकामार्फत रेल्वे प्रशासन, वास्तुकला महाविद्यालये आणि वाचक या सर्वांपुढे ठेवावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मागणी साधी आहे. नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या गाड्यांच्या, काळातील एखादे स्थानक, मालधक्का, पाण्याची टाकी किंवा सिग्नल केबिन पाडण्यापूर्वी तिची टेप लावून मापे घ्यावीत, चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि ती कोणालाही पाहता येतील अशा ठिकाणी ठेवावीत.

हे नॅरोगेजविषयीच का लिहितो, तेही सांगायला हवे. जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ हे प्रमाण १:८७ असे आहे आणि त्याच्या तयार रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या गेजशी, म्हणजे खऱ्या रुळांमधील अंतराशी, ते जुळते. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर याच प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडे जास्त भरतात, त्यामुळे आपल्याकडचे इंजिन प्रमाणशीर बनवून बाजारातल्या रुळावर ठेवले, की धिप्पाड माणूस लहान मुलाच्या पाटावर बसवल्यासारखे दिसते. नॅरोगेजचे तसे होत नाही. बार्शी लाइट रेल्वे, विदर्भातील शकुंतला, पाचोरा-जामनेर या सर्व मार्गांचे गेज ७६२ मिलिमीटरचे. १:८७ प्रमाणात ते ८.७६ मिलिमीटर होते, आणि एन या त्याहून लहान प्रमाणासाठी विकले जाणारे ९ मिलिमीटरचे रूळ त्याला जेमतेम पाव मिलिमीटरच्या फरकाने लागू पडतात. म्हणजे ज्या गाड्या आपल्या गावांतून धावल्या आणि गेल्या, त्याच आपल्या घरात सर्वांत अचूक उभ्या करता येतात. अडते ते मापांपाशी.

बार्शी लाइट रेल्वेचेच पाहा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला, पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरज गाठत सुमारे ३२५ किलोमीटरचा झाला. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, या एका सूत्रावर त्याने इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळे बेतले होते. याच कॅल्थ्रॉपने नंतर इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची रेल्वे बांधली. गेज तेच, ७६२ मिलिमीटर. इंजिने त्याच लीड्सच्या किटसन कारखान्याची, आणि त्यांवर आपल्याकडच्यासारखे मोठे दिवे. ही धाकटी बहीण अवघ्या १३ किलोमीटरची होती, १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. तरी आज तिकडचा एखादा हौशी माणूस तिचे स्थानक बनवायला बसला, तर त्याला इंजिनांचे आराखडे, इमारतींची मापे, छायाचित्रे, इतकेच काय जुळणीचे तयार संचसुद्धा मिळतात. तिच्या पंचवीसपट लांबीच्या आणि पुढे कितीतरी वर्षे वारकऱ्यांना पंढरपुराला नेणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीच्या एखाद्या आडगावच्या स्थानकाची मापे शोधायला निघावे, तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर भिस्त ठेवावी लागते. १९९२ नंतर गेज एक करण्याच्या धोरणाने बार्शीचा हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला, ते प्रवाशांच्या हिताचेच झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रुंदीकरणाच्या वेळी जुने मोजून ठेवायला एका स्थानकामागे दोन माणसे आणि एक दिवस पुरला असता, एवढेच माझे म्हणणे आहे.

यात माझीही चूक आहे. लहानपणी सुट्टीला आजोळी जाताना ज्या छोट्या नॅरोगेज स्थानकावर आम्ही उतरत असू, त्याची प्रतिकृती करायचे मी ठरवले होते. इमारत उभी होती तोवर मी ‘पुढच्या सुट्टीत जाऊन मोजू’ म्हणत राहिलो. शेवटी गेलो, तेव्हा जोत्याचे काही दगड आणि एक लिंबाचे झाड एवढेच उरले होते. पुष्कळ विचारपूस केल्यावर गावातल्या एका घरातून लग्नाच्या वऱ्हाडाचे कृष्णधवल छायाचित्र मिळाले. नवरदेवाच्या खांद्यामागे तिकीटघराच्या दाराची चौकट आणि तिच्याशेजारची उघडी वीटभिंत स्पष्ट दिसत होती. भिंग घेऊन चौकटीलगतचे विटांचे थर मोजले, ते सव्वीस भरले. चुन्याच्या सांध्यासह एक थर सव्वातीन इंचांचा धरला, तर दार सात फुटांचे ठरते आणि माझ्या १:८७ प्रमाणात साडेचोवीस मिलिमीटरचे होते. त्या एका दारावरून छपराची उंची, खिडकी आणि फलाट यांची मापे काढता आली. पण पडवीचा अर्धा भाग फेटे बांधलेल्या मंडळींच्या मागे झाकला गेला होता. पडवीला खांब चार की पाच, याबद्दल गावातल्या दोन वृद्धांनी दोन उत्तरे दिली. मी पाच धरून काम पुरे केले. तीन वर्षांनी दुसऱ्या घरातून दुसरे छायाचित्र आले, त्यात चार खांब होते. पडवी पूर्ण काढून पुन्हा बांधली. जागेवर उभे राहून दोन मिनिटांत जे मोजता आले असते, त्यासाठी तीन वर्षे गेली.

परिसराच्या देखाव्याचेही असेच आहे. परदेशातून येणाऱ्या संचांमध्ये सूचिपर्णी झाडे आणि हिरवीगार कुरणे असतात. बालाघाटाच्या पायथ्याशी ती शोभत नाहीत. मी माती त्या जागेवरूनच आणतो. मुरूम वाळवून, कुटून, चहाच्या गाळणीतून आणि मग जुन्या मलमलीतून चाळतो. आपल्याकडची माती काळ्या पाषाणाची असल्याने तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात, आणि ते इंजिनाच्या मोटारीत शिरले तर मोटार निकामी होते. म्हणून कागदात गुंडाळलेले चुंबक त्या भुकटीतून दहा-पंधरा वेळा फिरवावे लागते. प्रत्येक वेळी कागदावर काळ्या केसांसारखी लव चिकटून येते. फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले, की तो मातीत सहज मुरतो, पण वाळल्यावर माती एका छटेने गडद होते, तेव्हा मुळात थोडी फिकट माती निवडावी लागते. ज्वारीचे उभे पीक काथ्याचे धागे कापून आणि रंगवून होते. बाभळीचा पसरट माथा साधायला मात्र जुन्या मोटारीच्या वाइंडिंगची तार पिळून एकेक फांदी करावी लागते, आणि मनासारखी एक बाभूळ व्हायला दोन संध्याकाळ जातात. दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव पेरून हिरवळ उगवणाऱ्या आपल्या मुलांना यातले निम्मे काम आधीच येते, हे मी शाळेत चित्रकला शिकवताना अनेकदा पाहिले आहे.

माझी मांडणी २४० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद अशा प्लायवूडच्या फळीवर आहे. एवढ्या फळीवर खऱ्या जमिनीचे जेमतेम दोनशे मीटर मावतात. स्थानक, एक सायडिंग म्हणजे गाडी बाजूला उभी करण्याचा रूळ, पाण्याची टाकी आणि शेताचा तुकडा. घरी येणारे बहुतेक लोक याला खेळणे समजतात. परंतु त्या गावचे एक आजोबा आले होते, त्यांनी गाडी सुरू करायलाही सांगितले नाही. पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘‘हिचा नळ या अंगाला नव्हता, विहिरीच्या अंगाला होता.’’ मी तो बदलला. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे, आणि तिथे गेलेल्या मुलांचे डोळे कसे चमकतात ते अनेक वाचकांनी पाहिले असेल. तशाच मापाने आपल्या स्वतःच्या हरवलेल्या मार्गांची स्थानके गावोगावच्या शाळांत किंवा वाचनालयांत उभी राहू शकतात. त्यासाठी पैसा फार लागत नाही, मापे लागतात.

म्हणून रेल्वे प्रशासनाला विनंती अशी की, जुन्या इमारतींचे जे मूळ आराखडे अद्याप जपलेले असतील त्यांच्या प्रती काढून त्या अभ्यासकांना आणि हौशी मंडळींना पाहू द्याव्यात, आणि पाडकामाच्या आदेशासोबत मोजणीची एक अट घालावी. वास्तुकला महाविद्यालयांत जुनी इमारत मोजून तिचा आराखडा काढण्याचा अभ्यास असतोच. त्यासाठी दरवर्षी वाडे आणि मंदिरे निवडली जातात, तशी उरलीसुरली नॅरोगेज स्थानकेही निवडावीत. आणि आपल्याला विनंती अशी की, जुन्या स्थानकांची कौटुंबिक छायाचित्रे वाचकांकडून मागवून रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा थोडी जागा द्यावी. लग्नाचे वऱ्हाड, बदली झालेल्या मास्तरांचा निरोप, पंढरीला निघालेली दिंडी, असे काहीही चालेल. फोटोत मागे भिंतीचा एखादा कोपरा दिसत असला तरी त्यावरून थर मोजता येतात.

माझ्या स्थानकाची रुळांच्या विरुद्ध बाजूची भिंत मी अजून कोरी ठेवली आहे, कारण तिला खिडक्या किती आणि कुठे होत्या, हे मला मिळालेल्या एकाही छायाचित्रात दिसत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सोलापूर