तक्रार: सर्किट किटच्या पान 7 वरची चुकीची आकृती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्याकडून आज पुन्हा मध्येच फोन ठेवला गेला, म्हणून लेखी कळवतो.

'शिकाऊ मुलांसाठी' म्हणून विकलं जाणारं तुमचं ब्रेडबोर्ड किट (भोकांत सुटे भाग खोचून सर्किट जोडायचा बोर्ड) मी मुलीसाठी मागवलं. पुस्तिकेच्या पान 7 वर करंट आवरणाऱ्या 470 ओहमच्या रेझिस्टरचे दोन्ही पाय दहाव्या ओळीत खोचलेले दाखवलेत, एक 'ए' भोकात, दुसरा 'ई' भोकात. त्या ओळीतल्या 'ए' ते 'ई' या पाचही भोकांखाली धातूची एकच पत्री असते, हे ब्रेडबोर्ड विकणाऱ्या कंपनीला मी सांगायला नको. करंट पत्रीतून सरळ निघून जातो, रेझिस्टर नुसता शोभेला, आणि 9 व्होल्टची बॅटरी थेट एलईडीवर. मुलीने चित्राबरहुकूम जोडलं. लाल एलईडी क्षणभर केशरी पेटला, जळका वास आला, खेळ खलास. तोच रेझिस्टर मी दोन वेगळ्या ओळींत खोचला, नवा एलईडी लावला, तर व्यवस्थित पेटतो. एलईडीचे 2 व्होल्ट सोडले तर उरलेले 7 भागिले 470, म्हणजे साधारण 15 मिलीअँपिअर करंट, एलईडीला झेपेल एवढा. बोर्ड चांगला, रेझिस्टर चांगला. चूक चित्राची.

एवढंच मी फोनवर सांगत होतो. आधी ऐकलं, "सर, एलईडी उलटा लावला असेल." उलटा असता तर पेटलाच नसता, हा पेटून जळला. मग, "बोर्ड ओला झाला का?" नाही. मग फोनवरच्या तुमच्या बाईंना माझा पत्ता दिसला.

"सर, गोव्याला फिरायला आलात का?"
"मी इथेच राहतो."
"हॉटेलमध्ये?"
"डिचोलीत. घरात."
"ओके सर. मग सुट्टी संपवून परत गेलात की जवळच्या कुणा टेक्निकल माणसाला दाखवा."

बाई, डिचोलीच्या बाजारात माझं रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. परत कुठे जाऊ? तेव्हाही मल्टिमीटर हातातच होता. दहाव्या ओळीच्या दोन टोकांच्या भोकांत तारा घालून त्यावर मीटर टेकवला आणि फोन जवळ धरून त्यांना बीप ऐकवला, म्हणजे दोन्ही भोकं आतून जोडलेली आहेत. उत्तर आलं, "सर, तुमच्या बाजूने आवाज येतोय, नेटवर्क तपासा." फोन बंद. लगेच मेसेज: तक्रारीचे निवारण झाले, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

कुणाचं निवारण झालं म्हणे? पान 7 अजून तसंच आहे. माझी मुलगी आता बॅटरीची क्लिप लावायला हात पुढे करत नाही, आणि तिची समजूत घालायला तुमच्याकडचं कुणी येणार नाही.

बदली एलईडी पाठवायची कृपा करू नका, माझ्या दुकानात डबाभर पडलेत. पान 7 दुरुस्त करा, आणि ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलंय त्या सगळ्यांना दुरुस्त आकृती पाठवा. विज्ञान प्रदर्शनासाठी तुमचीच किटं मागवायचं मुलीच्या शाळेत चाललं होतं. त्यांना मी मीटर लावून दाखवलंय, आता ते दुसरीकडे चौकशी करताहेत.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे दावा लावता येतो, तेव्हा तुमच्या माणसांना गोव्यात यावं लागेल. येताना पुस्तिका आणा.

एक ग्राहक,
डिचोली, गोवा