घरकुलाला धुराडे हवे

महोदय,

शहरी सदनिकांतील कोंदट हवा, नव्या रंगाचा व प्लायवूडचा उग्र वास, डासांच्या अगरबत्तीचा धूर यांविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते, आणि ते आवश्यकच आहे. मात्र घरातल्या हवेची ही चर्चा यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावापर्यंत येत नाही.

कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की आमच्याकडे उपटलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, भारे घराघरांच्या मागे रचले जातात आणि पुढे कित्येक महिने त्यांवरच भाकरी भाजल्या जातात. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅस घरात आला खरा. पण सिलिंडरची पूर्ण किंमत आधी मोजायची आणि अनुदान नंतर खात्यात येणार, हे मजुरीवर आठवडा काढणाऱ्यांना झेपत नाही. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी रीत पडली आहे.

जुन्या घरांवर कवेलू होते आणि त्यांच्या फटींतून धूर वर निघून जात असे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २५ चौरस मीटरच्या घरकुलात स्वयंपाकाची जागा धरलेली असते, परंतु आमच्या गावात घरकुलांवर स्लॅब पडले तेव्हा धुराची जुनी वाट बुजली आणि नवी कोणी ठेवली नाही. आमच्या वहिनींनी चूल बाहेर पडवीत मांडली होती. श्रावणात झड लागली तशी ती पुन्हा आत आली, आणि ओल्या पऱ्हाट्यांच्या धुरात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा त्यांच्याच मांडीवर असतो. त्याचा खोकला महिना झाला तरी हटलेला नाही.

घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे २००९ साली ठरलेली हवेची राष्ट्रीय मानके बाहेरच्या हवेसाठी आहेत आणि ती मोजणारी यंत्रे नागपूर-चंद्रपूरसारख्या शहरांत आहेत. चुलीपुढे बसणारी बाई कोणत्याच मोजणीत येत नाही, याची मला खंत वाटते.

माझी जिल्हा परिषदेला विनंती आहे की, घरकुलाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी जशी शौचालयाची पाहणी होते, तशीच चुलीवर धुराडे आणि समोरासमोर दोन खिडक्या आहेत की नाहीत, हेही पाहिले जावे. आणि ज्या घरांवर स्लॅब आधीच पडला आहे, तेथे भिंतीतून पाइप काढण्याचा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा.

– एक वाचक, जि. यवतमाळ