विषय: डिप्लोमा किटमधला चाकू, थर्मामीटर आणि काल दुपारचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या माणसाने बोलता बोलता माझा फोन ठेवून दिला. तो सातवा फोन होता. आठवा करणार नाही, म्हणून लेखी देते आहे.

किट कोणतं हे तुम्हाला सांगायला नको. निळ्या गुंडाळीतलं 22 नगी, हॉटेल मॅनेजमेंटच्या डिप्लोमावाल्यांसाठी तुम्ही विकता ते. भिशी लागली तेव्हा त्यातले 4,850 रुपये मी त्याच्यावर घातले. किटमधल्या शेफ कोटाची एक बाही लांब आहे, ती मी घरी दुमडून शिवली, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार चाकूबद्दल आहे. आठ इंची शेफ नाइफ, पाकिटावर ‘फुल टँग’ छापलेला. म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं असतं, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच छापलंय. तिसऱ्या प्रॅक्टिकलला गाजराचं ज्युलियन कापत होते. 3 मिलिमीटर जाडीच्या काड्या, सगळ्या सारख्या यायला हव्यात. पातं मुठीतल्या मुठीत फिरलं आणि डाव्या हाताच्या तर्जनीत नखापाशी उतरलं. मॅडमनी निळी पट्टी बांधली. किचनमध्ये पट्टी निळीच वापरतात, सुटून अन्नात पडली तर लगेच दिसावी म्हणून. बोर्डावरचं सगळं गाजर टाकून द्यावं लागलं. घरी येऊन मुठीची फट उघडून बघितली तर आतलं पोलाद निम्म्या मुठीपर्यंतही पोचत नाही. फोटो तुम्हाला तीनदा पाठवलेत.

थर्मामीटरचंही तेच. विरघळत्या बर्फात तो 0 ऐवजी 3 अंश दाखवतो. तुमच्याकडून उत्तर आलं की उकळत्या पाण्यात घालून बघा. बघितलं. 101 दाखवले. त्यावर तुमचं उत्तर, ‘शंभरच्या आसपास आहे ना, मग बरोबर आहे.’ अहो, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे दोन्हीकडे तो 3 अंश जास्तच सांगतोय. चिकन आतून 75 दाखवलं म्हणून मी गॅस बंद करणार आणि ते खरं असणार 72. उद्या मी ते कुणाच्या तरी ताटात वाढणार आहे. स्वयंपाकघराची अवजारं विकणाऱ्यांना हे मी समजावून सांगायचं?

आता कालचं. शब्द न् शब्द लिहिते, कारण रात्रभर तेच डोक्यात होतं.

तुमच्या माणसाने विचारलं, ‘किट मुलाचं आहे का?’ मी म्हटलं, नाही. ‘मुलीचं?’ नाही. ‘मग ताई, जो विद्यार्थी आहे ना त्याला फोन द्या.’ मी म्हटलं, विद्यार्थी मीच आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग हसण्याचा आवाज, आणि शेजारी बसलेल्या कुणाला तरी सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, ‘अरे, स्वतःच शिकतायत.’ मग मला म्हणाला, ‘या वयात? बरं, असू दे. घरी भाजी चिरायला चालतोय की तो चाकू.’ मी म्हटलं, मला बदलून हवाय. ‘ताई, धरायची सवय नसेल तर कुठलाही चाकू हलतो.’ आणि फोन बंद.

मी 38 वर्षांची आहे. राजारामपुरीत अकरा वर्षं मेस चालवते. सकाळी चाळीस डबे भरते, मग कॉलेजला जाते. तांबडा-पांढरा रस्सा मी बाराव्या वर्षी आईच्या शेजारी बसून शिकले. चाकू धरायची सवय मला आहे. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण राहिलं, ते आता कम्युनिटी कॉलेजात पुरं करते आहे. अशी कॉलेजं आमच्यासारख्यांसाठीच आहेत. यूजीसीच्या रचनेत वर्षभराच्या डिप्लोमाच्या 60 क्रेडिटपैकी 36 कौशल्याचे असतात. हाताने करून दाखवायचं असतं, त्याला किट लागतं. पुस्तक वाचून ते क्रेडिट मिळत नाहीत.

आम्हाला फ्रंट ऑफिसच्या, म्हणजे हॉटेलच्या स्वागत कक्षाच्या कामाच्या, तासाला शिकवतात की गेस्ट तक्रार घेऊन आला की आधी पूर्ण ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, मग माफी मागायची, मग अडचण सोडवायची. तुमचा ग्राहकच हॉटेलात काम करणारा नाहीतर ते काम शिकणारा. आणि तुमच्याकडे माझं बोलणं एकाही माणसाने शेवटपर्यंत ऐकलं नाही. सात फोन झाले. एकानेही नाही.

माझ्या सरांनी वर्गात तुमचं नाव सांगितलं होतं, भरवशाची कंपनी म्हणून. आमच्यातल्या नऊ जणांनी त्यांच्या शब्दावर ऑर्डर दिली. पुढच्या बॅचला मी काय सांगायचं?

मला चाकू आणि थर्मामीटर बदलून हवेत, पैसे परत नकोत. आणि त्या माणसाकडून लेखी माफी हवी. ‘चाकू धरायची सवय नसेल’ या वाक्याबद्दल हवी. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. माझ्या पहिल्या मेलला पाच आठवडे झाले, पोचसुद्धा नाही. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत काही झालं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवीन आणि इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, मला तुमच्या शहरात हेलपाटे घालायचे नाहीत. मोडका चाकू पुरावा म्हणून कापडात गुंडाळून ठेवलाय.

22 तारखेला माझं अंतिम प्रॅक्टिकल आहे. सध्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं कापून झालं की तिचा चाकू मागून घेते. परीक्षेत तसं मागता येणार नाही.

एक विद्यार्थिनी
राजारामपुरी, कोल्हापूर